हजार किलो दगडात पाच किलो तांबे

१. प्रश्न टक्केवारीचा

एक टन दगड सुरुंग लावून फोडायचा, खाणीच्या तळातून वर आणायचा, बारीक दळायचा आणि एवढा खटाटोप करून त्यातून जेमतेम पाच किलो तांबे मिळवायचे, हा व्यवहार परवडतो तरी कसा, असा प्रश्न तांब्याच्या खाणींविषयी प्रथमच वाचणाऱ्या बहुतेकांना पडतो. प्रश्न रास्त आहे. गडचिरोलीतील सुरजागडच्या लोहखनिजात वजनाच्या साठ टक्क्यांहून अधिक भाग लोखंडाचा असतो. त्या मापाने पाहिले तर अर्धा टक्का तांबे असलेला दगड टाकाऊच वाटावा. तरीही आज जगातील बहुतेक मोठ्या तांब्याच्या खाणी एक टक्क्याहून कमी तांबे असलेल्या दगडावर चालतात. स्वीडनच्या उत्तर टोकाजवळची ऐटिक ही १९६८ पासून सुरू असलेली खाण तर आज टनामागे दोन-अडीच किलो तांब्यावर चालते आणि वर्षाला चार कोटी टनांच्या आसपास दगड दळते.

या प्रकरणात दोन शब्द वारंवार येतील. ज्या दगडातून धातू किफायतशीरपणे काढता येतो त्याला धातुक म्हणतात, आणि धातुकाच्या वजनात धातूचे प्रमाण शेकडा किती आहे, त्याला धातुकाची प्रत म्हणतात. अर्धा टक्का प्रत म्हणजे टनामागे पाच किलो. ही प्रत कमी वाटली, तरी पृथ्वीच्या कवचात तांब्याचे सरासरी प्रमाण ०.००५ ते ०.००६ टक्के एवढेच आहे. म्हणजे अर्धा टक्का प्रतीच्या दगडात निसर्गाने तांबे आधीच सुमारे नव्वदपट एकवटून ठेवलेले असते. उरलेले एकवटण्याचे काम माणसाला करावे लागते आणि खाण-उद्योगाचा बहुतेक खर्च या उरलेल्या कामावर होतो.

२. तांबे विखुरलेले का असते

तांब्याचे साठे अनेक प्रकारचे असले, तरी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांतील दोन प्रकार समजून घेणे पुरेसे आहे. पहिला प्रकार शिरांचा. खडकातील मोठ्या भेगेतून उष्ण, क्षारयुक्त पाणी वर येते, थंड होताना आपल्यातील धातू भेगेच्या कडांवर सोडून देते आणि धातूने समृद्ध अशी एक अरुंद पट्टी तयार होते. एकोणिसाव्या शतकापर्यंतचे खाणकाम मुख्यत्वे अशा शिरांच्या मागे चालले. कामगार शिरेइतकाच बोगदा खणीत, चांगला दगड हाताने निवडीत आणि बाकीचा तिथेच टाकीत.

दुसऱ्या प्रकाराला पॉर्फिरी साठे म्हणतात. जमिनीखाली काही किलोमीटर खोलीवर तप्त शिलारसाचा मोठा गोळा घट्ट होऊ लागतो, तेव्हा त्यातून बाहेर पडणाऱ्या वाफाळ द्रवाच्या दाबाने वरचा खडक तडकतो. मात्र एक मोठी भेग न पडता लक्षावधी बारीक तडे जातात आणि प्रत्येक तड्यात तांब्याच्या खनिजाचे थोडेथोडे कण बसतात. परिणामी साठा प्रचंड, पण तांबे सगळीकडे शिंपडल्यासारखे. अँडीज पर्वतरांग, अमेरिकेचा पश्चिम भाग आणि फिलिपिन्स या पट्ट्यांत असे साठे विपुल आहेत, आणि जगाच्या तांब्याचा मोठा वाटा त्यांतूनच येतो. या साठ्यांतील सर्वांत सामान्य खनिज चाल्कोपायराइट होय. ते तांबे, लोखंड आणि गंधक यांचे संयुग असून त्यात वजनाने साडेचौतीस टक्के तांबे असते. अर्धा टक्का प्रतीच्या दगडात या खनिजाचा वाटा दीड टक्क्याच्या आसपास असतो. उरलेले साडेअठ्ठ्याण्णव टक्के म्हणजे क्वार्ट्झ, फेल्डस्पार यांसारखी निरुपयोगी खनिजे. त्यांना मृदा अशुद्धी म्हणतात.

शिरेचा पाठलाग करणाऱ्या खाणकामगाराला अशा साठ्यात पाठलाग करण्याजोगे काहीच सापडत नाही. येथे निवड करता येत नसल्याने सगळाच डोंगर उचलावा लागतो.

३. बिंगहॅमचा डोंगर

सगळाच डोंगर उचलावा, ही कल्पना गांभीर्याने मांडणारा पहिला महत्त्वाचा अहवाल १८९९ मधला आहे. अमेरिकेतील युटा राज्यातल्या बिंगहॅम कॅन्यन येथे शिसे आणि चांदीच्या शिरा खणल्या जात होत्या. त्यांच्याभोवतीच्या खडकात सुमारे दोन टक्के तांबे आहे हे ठाऊक असूनही तिकडे कोणी लक्ष देत नव्हते. डॅनियल जॅकलिंग आणि रॉबर्ट गेमेल या दोन अभियंत्यांनी हिशेब मांडला की, बोगदे न खणता डोंगर वरून खाली पायऱ्यापायऱ्यांनी कापत नेला, दगड यंत्राने उचलला, रेल्वेने वाहिला आणि एकाच मोठ्या गिरणीत दळला, तर प्रत्येक टनामागचा खर्च इतका उतरेल की दोन टक्केही पुरतील. त्या काळच्या जाणकारांना हे पटले नाही. १९०३ मध्ये युटा कॉपर कंपनी स्थापन झाली आणि १९०६ मध्ये वाफेवर चालणारी शॉव्हेल यंत्रे डोंगरावर चढली. त्या जागी आज सुमारे १.२ किलोमीटर खोल आणि ४ किलोमीटर रुंद खड्डा आहे, आणि तेथील धातुकाची प्रत जॅकलिंगच्या दोन टक्क्यांच्या कितीतरी खाली गेली आहे.

जॅकलिंगने नवे यंत्र शोधले नव्हते. शॉव्हेल, रेल्वे, सुरुंग, गिरणी हे सगळे आधीपासून होते. त्याने फक्त दगड निवडण्याचा नाद सोडला आणि आकारमान वाढवून टनामागचा खर्च पाडला. हलक्या प्रतीच्या तांब्याचा पुढचा सारा इतिहास या एका हिशेबाचा विस्तार आहे. त्या हिशेबात खड्ड्याची, पाण्याची आणि गाळाची किंमत धरलेली नव्हती, हेही त्याच इतिहासाचा भाग आहे आणि त्याकडे पुढे वळावे लागेल.

उघड्या खाणीच्या बाबतीत आणखी एक संज्ञा लक्षात ठेवावी लागते. धातुकापर्यंत पोहोचण्यासाठी वरचा आणि बाजूचा निरुपयोगी खडक काढावा लागतो; एक टन धातुकामागे असा किती टन खडक काढावा लागतो, त्या गुणोत्तराला अपशिष्ट गुणोत्तर म्हणू. ते दोन असेल, तर एक टन धातुकासाठी एकूण तीन टन दगड हलवावा लागतो. खाण खोल जाते तसे हे गुणोत्तर बहुधा वाढते, कारण खड्ड्याच्या भिंती कोसळू नयेत म्हणून त्या तिरक्या ठेवाव्या लागतात आणि तळ खाली नेण्यासाठी वरची कडा मागे सरकवत राहावी लागते.

४. दळण

दगड गिरणीपर्यंत आल्यावर पहिला प्रश्न येतो तो किती बारीक दळायचे याचा. शेंगदाण्याची चिक्की फोडून त्यातले दाणे वेगळे करायचे असतील, तर मोठे तुकडे करून भागत नाही, कारण प्रत्येक दाण्याला गूळ चिकटून राहतो. आणि खलबत्त्यात फार कुटली, तर दाणे आणि गूळ यांचा एकच लगदा होतो. दाणा सुटा होईल इतपतच फोडणे हे कौशल्य आहे. चाल्कोपायराइटचे कण बहुधा मिलिमीटरच्या काही दशांशांहूनही लहान असल्याने, ते सुटे होण्यासाठी दगड साधारणपणे ०.१ ते ०.२ मिलिमीटरपर्यंत दळावा लागतो. त्याहून जाड राहिला तर तांब्याचे कण दगडात अडकून वाया जातात, आणि त्याहून बारीक झाला तर वीज वाया जाते, शिवाय अतिसूक्ष्म कण पुढच्या टप्प्यात हाती लागत नाहीत.

हे दळण म्हणजे या उद्योगाचा सर्वांत मोठा विजेचा खर्च. अनेक खाण-संकुलांत एकूण विजेच्या निम्म्याच्या आसपास वीज फक्त फोडण्या-दळण्यावर जाते. दळणासाठी लागणारी ऊर्जा दगडाच्या टनावर ठरते, त्यातील तांब्यावर नव्हे. म्हणून प्रत एक टक्क्यावरून अर्ध्या टक्क्यावर घसरली, की तेवढ्याच तांब्यासाठी दुप्पट दळावे लागते. जगातील तांब्यापैकी सुमारे चतुर्थांश तांबे पुरवणाऱ्या चिलीमध्ये खाणींची सरासरी प्रत गेल्या दोन दशकांत एक टक्क्याच्या आसपासून ०.६ ते ०.७ टक्क्यांपर्यंत उतरली आहे. तेथील खाणींची वाढती विजेची गरज या घसरणीशी थेट जोडलेली आहे.

५. फेसावर तरंगणारा दगड

दळलेल्या भुकटीतून तांब्याचे कण वेचायचे कसे? विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत त्यासाठी वजनाचा आधार घेतला जाई; हलत्या टेबलांवरून पाणी सोडले की जड खनिज मागे राही आणि हलकी माती वाहून जाई. पण बारीक दळलेले तांबे मातीबरोबरच वाहून जात असे. अडचण सुटली ती ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिल येथे, आणि तीही तांब्यासाठी नव्हे, तर तेथे टाकून दिलेल्या ढिगांत अडकलेले जस्त सोडवण्यासाठी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तेथे जी फेनतरण पद्धत व्यवहारात उतरली, तिच्याविना हलक्या प्रतीचे तांबे आजच्या प्रमाणात काढणे शक्यच झाले नसते. शालेय पुस्तकांत ही पद्धत दोन ओळींत आटोपली जाते. तिची योग्यता त्याहून बरीच मोठी आहे.

पद्धतीचे तत्त्व असे आहे. काही पृष्ठभागांना पाणी चिकटते, काहींना चिकटत नाही. दळलेल्या दगडाच्या पाणीदार गाळात झँथेट या वर्गातील रसायन अत्यल्प प्रमाणात मिसळले, तर त्याच्या रेणूचे एक टोक गंधकयुक्त खनिजाच्या कणाला धरते आणि दुसरे, तेलासारखे टोक पाण्यापासून दूर पळू पाहते. त्यामुळे तांब्याच्या खनिजाचा कण जलविरोधी बनतो. क्वार्ट्झचे कण मात्र पाण्यात भिजलेलेच राहतात. मग टाकीच्या तळातून हवा सोडली की जलविरोधी कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात आणि पाइन तेलासारख्या द्रव्याने टिकाऊ केलेल्या फेसात जमा होतात. फेस काठावरून ओसंडतो, तो गोळा करायचा. खाली राहिला तो गाळ.

यातही एक मेख आहे. धातुकात पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधक यांचे संयुगही असते, आणि गंधकयुक्त असल्याने तेही वर येऊ पाहते. त्याला खाली दडपण्यासाठी गाळात चुना घालून अल्कता वाढवतात. रसायनाची मात्रा, चुन्याचे प्रमाण, हवेचा वेग आणि दळणाची जाडी या चारही गोष्टी दगडाच्या प्रत्येक बदलत्या पट्ट्यानुसार जुळवून घ्याव्या लागतात. झँथेटचा उपयोग १९२५ च्या पेटंटनंतर रूढ झाला. तोवर या कामी मणभर तेले वापरून पाहिली जात होती.

हिशेब पाहू. एक टन धातुकात पाच किलो तांबे आहे. चांगली गिरणी त्यातील सुमारे ८७ टक्के, म्हणजे ४.३५ किलो तांबे फेसात आणते. या प्रमाणाला उतारा म्हणू. फेसातून मिळणाऱ्या सांद्रित भुकटीत २५ टक्के तांबे असते असे धरले, तर हजार किलो दगडातून साधारण साडेसतरा किलो सांद्रित हाती येते. भट्टीत वितळवण्यासाठी एवढेच न्यायचे असते. त्यातून टप्प्याटप्प्याने गंधक आणि लोखंड काढून टाकल्यावर आणि शेवटी विद्युत अपघटनाने शुद्ध केल्यावर ९९.९९ टक्के शुद्धतेचे तांबे मिळते. उरलेला सुमारे ९८२ किलो गाळ, त्यातील ६५० ग्रॅम न सुटलेल्या तांब्यासह, खाणीपाशीच राहतो.

६. दगड धातुक केव्हा ठरतो

आता मूळ प्रश्नाचे उत्तर आकड्यांत देता येईल. पुढील रकमा केवळ समजण्यासाठी गृहीत धरलेल्या आहेत. समजा, कोणताही एक टन दगड खणून वाहण्याचा खर्च २५० रुपये आहे आणि अपशिष्ट गुणोत्तर दोन आहे. म्हणजे धातुकाच्या टनामागे तीन टन हलवण्याचे ७५० रुपये. दळण, फेनतरण आणि गाळाची व्यवस्था यांचे ९०० रुपये, आणि व्यवस्थापनाचे ३०० रुपये. एकूण १,९५० रुपये. भट्टीचा आणि वाहतुकीचा खर्च वजा जाता खाणीला तांब्याच्या किलोमागे ७०० रुपये मिळतात असे मानू. उतारा ८७ टक्के असल्याने दगडात असलेल्या प्रत्येक किलोमागे प्रत्यक्षात ६०९ रुपये हाती येतील.

पाच किलोंचे ३,०४५ रुपये झाले. टनामागे १,०९५ रुपये उरले. आता किमान किती तांबे असलेला दगड तोट्यात जाणार नाही? १,९५० भागिले ६०९, म्हणजे ३.२ किलो, ०.३२ टक्के. या मर्यादेला सीमा-प्रत म्हणतात. तिच्या वरचा दगड गिरणीकडे आणि खालचा ढिगाकडे जातो. कारखाना उभारण्याचे भांडवल आणि त्यावरचे व्याज येथे धरलेले नाही. ते धरले की मर्यादा वर सरकते.

बाजारभाव उतरला आणि किलोमागे ७०० ऐवजी ५०० रुपयेच मिळू लागले, तर सीमा-प्रत ०.४५ टक्के होते आणि काल धातुक असलेला बराचसा साठा दगडाचा एक कणही न बदलता आज धातुक राहत नाही. याउलट मोठी यंत्रे आणि काटकसर यांमुळे १,९५० चा खर्च १,५०० वर आणता आला, तर मर्यादा ०.२५ टक्क्यांपर्यंत उतरते. आधुनिक तंत्रज्ञानाने साठे ‘वाढतात’ असे म्हणतात त्याचा अर्थ एवढाच.

याहून बारीक मुद्दा पुढे आहे. खालच्या चांगल्या धातुकापर्यंत जाण्यासाठी वरचा हलका दगड कसाही काढावाच लागणार असेल, तर त्याच्या खणण्याचा खर्च झालेलाच आहे. अशा दगडाबाबत निर्णय घेताना फक्त पुढचे १,२०० रुपये पाहायचे असतात. १,२०० भागिले ६०९ म्हणजे सुमारे २ किलो. म्हणजे जमिनीत असताना जो ०.२५ टक्क्यांचा दगड खणण्याच्या लायकीचा नव्हता, तोच डंपरमध्ये भरून खड्ड्याच्या काठावर आला की गिरणीत पाठवण्याजोगा ठरतो. म्हणूनच शहाण्या खाणी असा मधल्या प्रतीचा दगड वेगळ्या ढिगात साठवतात. भारतात तर हा नियमाचाच भाग आहे. नागपूरस्थित भारतीय खाण ब्यूरो प्रत्येक खनिजासाठी किमान प्रतीची मर्यादा जाहीर करतो आणि त्या मर्यादेवरचे, पण आज न खपणारे खनिज फेकून न देता वेगळे रचून ठेवावे लागते.

दगडातील सोबतीच्या धातूंचाही हिशेबात वाटा असतो. बिंगहॅमला तांब्याबरोबर सोने, चांदी आणि मॉलिब्डेनम मिळते. ऐटिकलाही सोने-चांदीचा आधार आहे. हे उत्पन्न नसते, तर तेथील सीमा-प्रत वर गेली असती.

७. न दळता मिळणारे तांबे

दळण महाग आहे, तर ते टाळता येईल का? काही दगडांबाबत येते. भूपृष्ठाजवळ हवा आणि पाऊस यांच्या प्रभावाने तांब्याचे गंधकयुक्त खनिज बदलून ऑक्सिजनयुक्त हिरवी-निळी खनिजे तयार होतात, आणि ती सौम्य गंधकाम्लात सहज विरघळतात. असा दगड जाडसर फोडून, अभेद्य प्लास्टिक अंथरलेल्या जमिनीवर काही मीटर उंच रचतात आणि त्यावर आम्लाचे द्रावण सोडतात. द्रावण सोडण्यासाठी ठिबक सिंचनाच्याच नळ्या वापरतात. आम्ल दगडांतून झिरपत खाली येते, वाटेत तांबे विरघळवते आणि निळसर द्रावण तळ्यात जमा होते. दगडातील धातू अशा रीतीने द्रावणात उतरवण्याला अपक्षालन म्हणतात.

या द्रावणात लिटरमागे तांबे काही ग्रॅमच असते आणि लोखंडही मिसळलेले असते. त्यातून शुद्ध धातू थेट मिळत नाही. जुन्या काळी त्यात भंगार लोखंड टाकीत. लोखंड विरघळे आणि तांब्याचा अशुद्ध चुरा खाली बसे. खरा बदल १९६८ मध्ये ॲरिझोनातील ब्लूबर्ड खाणीत झाला. तेथे रॉकेलसारख्या द्रवात विरघळवलेले, केवळ तांब्यालाच धरणारे सेंद्रिय रसायन द्रावणात घुसळण्यात आले. तेल आणि पाणी वेगळे झाले की तांबे तेलात गेलेले असते. मग तीव्र आम्लाने ते तेलातून पुन्हा पाण्यात उतरवतात आणि त्या घट्ट द्रावणातून वीज सोडली की पत्र्यावर शुद्ध तांबे साचते. या वाटेत गिरणी आणि भट्टी दोन्ही लागत नाहीत.

गंधकयुक्त खनिजांच्या बाबतीत जिवाणूंची मदत होते. कोळसा खाणीतून वाहणाऱ्या आम्लयुक्त पाण्यात १९४७ मध्ये असे जिवाणू ओळखले गेले, जे लोखंडाच्या संयुगांचे ऑक्सिडीकरण करून आपली ऊर्जा मिळवतात. त्यांच्यामुळे तयार होणारे लोहक्षार दगडातील काही ताम्रखनिजे विरघळवतात. काम संथ आहे. गिरणीतील दगडाचा प्रवास तासांत संपतो, ढिगातील दगडाला महिने किंवा वर्षे लागतात. शिवाय सर्वांत विपुल असलेले चाल्कोपायराइट याही मार्गाला दाद देत नाही, कारण त्याच्या पृष्ठभागावर विरघळणे रोखणारा थर तयार होतो. तो अडथळा स्वस्तात दूर करणारी पद्धत मोठ्या प्रमाणावर रुजली, तर आज टाकून दिलेल्या अनेक ढिगांचे मोल बदलेल. तोवर अपक्षालन ही मुख्यतः साठ्याच्या वरच्या थराची पद्धत आहे.

८. खाणीतील नवे डोळे

जॅकलिंगने सोडून दिलेली निवड आता दुसऱ्या रूपाने परत येत आहे. कॅनडातील हायलँड व्हॅली खाणीत शॉव्हेलच्या बकेटवर क्ष-किरणांचे संवेदक बसवलेले असून बकेटमधील दगडात तांबे किती हे डंपर भरण्याआधीच कळते. त्यावरून डंपर गिरणीकडे न्यायचा की ढिगाकडे हे ठरते. निरुपयोगी दगड न दळणे ही विजेची सर्वांत स्वस्त बचत होय. ऑस्ट्रेलियातील केडिया खाणीत जाडसर कणांचे फेनतरण करणारी उपकरणे वापरात आहेत. दगड कमी बारीक दळून चालला, तर बचतीबरोबर गाळही लवकर निथळतो. चिलीतील गाब्रिएला मिस्त्राल खाणीत २००८ पासून महाकाय डंपर चालकाविना धावतात. ऐटिकमध्ये चढावर डंपरना वरच्या तारांमधून वीज दिली जाते आणि तेवढे डिझेल वाचते.

१० एप्रिल २०१३ रोजी बिंगहॅम खाणीची एक भिंत कोसळली आणि सुमारे १४ कोटी टन दगड खड्ड्यात उतरला. रडार आणि भूमापन यंत्रांनी भिंतीची हालचाल आधीच टिपल्यामुळे माणसे बाहेर काढली गेली होती. एकही जीव गेला नाही. उघड्या खाणीच्या भिंती किती उभ्या ठेवता येतील, हा अपशिष्ट गुणोत्तराचा आणि म्हणून पैशाचा प्रश्न असल्याने, असे रडार सुरक्षिततेइतकेच हिशेबाचेही साधन आहे.

९. उरते त्याचे काय

रोज एक लाख टन धातुक दळणारी, अर्धा टक्का प्रतीची खाण रोज ४३५ टन तांबे देते आणि सुमारे ९८ हजार टन गाळ मागे ठेवते. वर्षाचे ३५० दिवस काम चालले, तर हा गाळ साडेतीन कोटी टनांच्या जवळपास जातो. तो धरणासारख्या बांधामागे साठवावा लागतो आणि हा बांध खाण बंद झाल्यावरही कायम सांभाळावा लागतो. नेमक्या याच जागी हलक्या प्रतीच्या खाणकामाचा हिशेब सर्वांत लंगडा आहे.

४ ऑगस्ट २०१४ रोजी कॅनडातील माउंट पॉली या ताम्र-सुवर्ण खाणीचा बांध फुटला आणि सुमारे अडीच कोटी घनमीटर पाणी आणि गाळ खालच्या तलावांत गेला. बांधाच्या पायाखाली हिमनदीकाळातील चिकणमातीचा दुर्बल थर होता आणि आराखड्यात त्याची दखल घेतलेली नव्हती, असे चौकशीत आढळले. पापुआ न्यू गिनीतील पांगुना खाणीने तर बांधच बांधला नाही; १९७२ ते १९८९ या काळात गाळ नदीत सोडला गेला, शेती आणि मासेमारी उद्ध्वस्त झाली, त्यातून उठलेल्या असंतोषाने बूगनव्हिल बेटावर यादवी युद्ध पेटले आणि खाण बंद पडली. स्वस्त तांब्याची किंमत नदीकाठच्या लोकांनी चुकवली, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. गाळबांधांसाठी जागतिक मानक २०२० मध्ये आले. तेही ब्राझीलमधील लोहखनिजाचा बांध फुटून शेकडो माणसे गेल्यानंतर.

पाण्याचा प्रश्न याच्याच जोडीचा आहे. फेनतरणाला पाणी भरपूर लागते आणि चिलीच्या खाणी वाळवंटात आहेत. समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरांहून उंच असलेल्या एस्कोन्दिदा खाणीला आता समुद्राचे पाणी गोडे करून नळाने वर चढवावे लागते. प्रत घसरली की पाणी वाढते, आणि पाणी वाढले की वीज.

१०. मलाजखंड आणि चंद्रपूर

भारतात तांब्याचे धातुक खणणारी हिंदुस्थान कॉपर ही केंद्र सरकारची कंपनी १९६७ मध्ये स्थापन झाली. तिची सर्वांत मोठी खाण मलाजखंड येथे, गोंदिया जिल्ह्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात आहे. देशातील तांब्याच्या ज्ञात साठ्यांचा बहुतांश भाग या एका ठिकाणी आहे. येथील ताम्रखनिजे सुमारे अडीचशे कोटी वर्षे जुन्या ग्रॅनाइटमध्ये आणि क्वार्ट्झच्या जाड शिरेत आहेत. उघडी खाण १९८२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली. मलाजखंडची प्रत एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे ऐटिकच्या चौपट-पाचपट आहे. तरी वर्षाला वीस लाख टन दगड काढणारी ही खाण वीस हजार टनांच्या आसपास तांबे देऊ शकते, तर चार कोटी टन दळणारी ऐटिक त्याच्या चौपट. तांब्याच्या बाजारात टक्क्यापेक्षा टनाला अधिक महत्त्व आहे ते असे.

मग मलाजखंडचाही खड्डा ऐटिकएवढा का वाढवला नाही? साठ्याचा आकार आडवा येतो. धातुकाची पट्टी दोन-अडीच किलोमीटर लांब असली, तरी ती जमिनीत तीव्र उताराने खोल जाते. खड्डा खाली न्यायचा तर निरुपयोगी खडक फार काढावा लागतो. म्हणून येथे आता जमिनीखालील खाणकाम हाती घेण्यात आले असून वर्षाला पन्नास लाख टनांचे उद्दिष्ट ठेवलेले आहे. जमिनीखाली टनामागचा खर्च अधिक, त्यामुळे सीमा-प्रतही अधिक. पट्टीच्या कडेचा हलक्या प्रतीचा जो दगड उघड्या खाणीत आपसूक हाती आला असता, तो आता बहुधा कायमचा जमिनीतच राहील. हा निर्णय चुकीचा नाही. पण खाणीची पद्धत ठरते तेव्हाच साठ्याचा कोणता भाग सोडायचा हेही ठरते, एवढे त्यावरून स्पष्ट व्हावे.

चंद्रपूर जिल्ह्यातील ठाणेवासना येथेही तांब्याच्या नोंदी आहेत आणि त्यांच्या बातम्या अधूनमधून छापून येतात. अशा बातमीतील टक्केवारी वाचून हरखून जाऊ नये आणि आकडा लहान म्हणून ती बाजूलाही सारू नये. साठा किती टनांचा, त्यावरचा खडक किती जाड, दळणाला पाणी कोठून येणार आणि गाळ कोठे साठवणार, या चार प्रश्नांची उत्तरे बातमीत नसतील, तर ती अपुरी समजावी आणि उत्तरे मागावीत.